ठिपक्यांच्या पंखांची ओळख

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता भिगवणजवळ भाचीच्या घरी दोन दिवस राहायला गेलो होतो. बरोबर आठवीत शिकणारी नात होती. उजनीचे बॅकवॉटर तिथून हाकेच्या अंतरावर. दिवेलागणीला पडवीतली ट्यूबलाइट लावली आणि पाहता पाहता मागची भिंत बारीक किड्यांनी भरून गेली. डास आले, दारे लावा, अशी एकच धांदल उडाली. इंदापूर तालुक्यात धरणकाठी राहणाऱ्यांना हे नवे नाही. नातीने मात्र दार लावण्याऐवजी मोबाइल काढला, त्याच्या भिंगावर आणखी एक चिमुकले भिंग अडकवले आणि भिंतीजवळ जाऊन फोटो काढत बसली.

जेवणे झाल्यावर तिने ते फोटो मोठे करून मला दाखवले. काचेच्या तुकड्यासारखा स्वच्छ पंख, त्यात पिंपळपानावर असाव्यात तशा शिरा. डासाच्या पंखावरच्या शिरांवर बारीक खवले असतात आणि पंखाच्या मागच्या कडेला खवल्यांची झालर असते. इथे दोन्ही नव्हते. रक्त ओढायची लांब सोंडही नव्हती. आबा, हे डास नाहीतच, असे तिने मला समजावले. धरणाच्या गाळात ज्यांच्या लालभडक अळ्या वाढतात, ती ही चिलटे. ती माणसाला चावत नाहीत. भाचीने पडवीचे दार उघडले, पण अर्धेच.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. पोटासाठी बँकेत नोकरी केली आणि हौसेने कादंबऱ्या लिहिल्या. कीटकशास्त्राशी माझा संबंध हिवतापाच्या गोळ्यांपुरता. पण त्या रात्री झोप लागेना, तेव्हा एका माणसाची आठवण झाली. डास आणि डास यांतला फरक ठाऊक नसल्यामुळे त्याची ऐन उमेदीची दोन वर्षे वाया गेली होती. तो फरक त्याला दिसला तो पंखांवरून, आणि त्या एका पाहण्याने जगाचे औषधशास्त्र बदलले. त्याचे नाव रोनाल्ड रॉस.

शाळेच्या पुस्तकात आपण रॉसविषयी दीड ओळ वाचलेली असते: मलेरिया डासामुळे होतो हे त्याने शोधले आणि त्याला नोबेल मिळाले. आमच्या भागातल्या माणसाला ही दीड ओळ पुरू नये. नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांना ऊस दिला, पैसा दिला, साखर कारखाने दिले. त्याच कालव्याच्या पाझराने चिबड जमिनी झाल्या, डबकी साचली आणि डासांची सोय झाली. कालव्याच्या एका फाट्यावरच्या आमच्या गावात माझ्या लहानपणी थंडीताप हा पाहुण्यासारखा येई. दुपारी हुडहुडी भरली की आई अंगावर होती नव्हती ती सारी पांघरुणे टाकी. तासाभराने अंग भट्टीसारखे तापे, मग घामाने अंथरूण भिजे. आणि एक दिवस आड करून पुन्हा तेच. पानथरी वाढून पोट पुढे आलेली पोरे वर्गात असत. खाकी पिशवीवाला मलेरिया कर्मचारी बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेई आणि भिंतीवर तारीख लिहून जाई. त्या काचपट्टीत काय पाहतात, आणि ते पाहायला कोणी शिकवले, हे विचारायचे तेव्हा सुचले नाही.

रॉसचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयात, अल्मोड्याला झाला. मीरतला उठावाची ठिणगी पडून तीनच दिवस झाले होते. वडील इंग्रजी फौजेत अधिकारी. दहा भावंडांत हा थोरला. आठ वर्षांचा होताच त्या काळच्या साहेबी रीतीप्रमाणे त्याला शिकायला विलायतेस नातलगांकडे धाडण्यात आले. मुलाला आवड होती चित्रांची, संगीताची, कवितेची आणि गणिताची. वडिलांनी ठरवले की त्याने डॉक्टर व्हावे आणि हिंदुस्थानातल्या वैद्यकीय सेवेत शिरावे. मुलाने मान तुकवली, पण मन लावले नाही. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात तो शिकला. एक परीक्षा हुकली, तेव्हा काही काळ जहाजावर डॉक्टरकी केली आणि अखेर १८८१ साली नोकरीत शिरून हिंदुस्थानात परतला.

पहिली काही वर्षे त्याने लष्करी दवाखान्यांत काढली: मद्रास, बंगळूर, ब्रह्मदेश, अंदमान. काम बेताचे, फुरसत भरपूर. या फुरसतीत तो कविता लिही, कादंबऱ्या लिही, गणिते सोडवी. साहेबाच्या नोकरीत राहून कादंबरी लिहिणाऱ्या या माणसाविषयी मला आपुलकी वाटते, ती या कारणाने. त्याच्या कादंबऱ्या आज कोणी वाचत नाही हे कळल्यावर ती अधिकच वाढली.

बंगळूरच्या बंगल्यात त्याला डासांनी सळो की पळो करून सोडले. खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना त्याने पाहिल्या, पिंप पालथे केले आणि डास कमी झाले. पण ती तेव्हा सुखाने झोपण्याची युक्ती होती. तिचा तापाशी संबंध असेल हे त्याच्या मनातही आले नाही. हिवताप दलदलीतल्या दूषित हवेने होतो, अशीच समजूत होती. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा.

ही समजूत ढासळायला १८८० साली सुरुवात झाली. अल्जीरियात लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरला हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात जिवंत जंतू दिसला. त्या जंतूच्या पोटात काळ्या रंगद्रव्याचे बारीक कण असत. रॉसला प्रथम हे पटले नाही. त्याला तो जंतू सापडतच नव्हता. १८९४ साली रजेवर लंडनला गेला असता पॅट्रिक मॅन्सन या ज्येष्ठ डॉक्टरने त्याला सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखवला. हत्तीरोगाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात हे मॅन्सनने पूर्वी चीनमध्ये दाखवले होते. हिवतापाचेही तसेच असावे, असा त्याचा कयास होता. मात्र डास पाण्यात मरतात, ते पाणी माणूस पितो आणि ताप येतो, असे त्याला वाटे. अर्धा तर्क बरोबर होता आणि अर्धा साफ चूक. ते ओझे डोक्यावर घेऊन रॉस परत निघाला.

१८९५ च्या वसंतात तो मुंबईला उतरला. सामान अजून जकातीतून सुटायचे होते, तेवढ्यात हा गृहस्थ थेट रुग्णालयात जाऊन हिवतापाचे रोगी शोधू लागला. सदतीस वर्षांच्या, नोकरीला विटलेल्या माणसाला आयुष्याचे काम सापडले होते.

तिथून सिकंदराबाद. पुढच्या दोन वर्षांचा हिशेब सांगायचा तर सगळा खर्चाच्या बाजूला मांडावा लागेल. रोगी गाठायचा, त्याला पैसे देऊन मच्छरदाणीत झोपवायचे, आत डास सोडायचे, रक्त पिऊन फुगलेले डास बाटलीत जपायचे, मग एकेक कापून सुईच्या टोकाने त्याचे पोट काचेवर पसरून तपासायचे. शेकडो डास कापले. एकातही जंतूची वाढ दिसेना. मध्येच पटकीच्या साथीसाठी त्याला बंगळूरला पाठवण्यात आले, तिथे बराच काळ गेला. १८९७ च्या उन्हाळ्यात रजेवर उटीला गेला आणि जवळच्या सिगूर घाटात स्वतःच हिवताप घेऊन आला.

चूक कुठे होती? तो ज्यांना डास म्हणत होता ते करड्या रंगाचे आणि पट्ट्यापट्ट्यांचे डास होते. आज आपण त्यांना क्युलेक्स आणि एडीस म्हणतो. माणसाच्या हिवतापाचा जंतू यांच्या पोटात गेला की मरून जातो. तो जगतो आणि वाढतो फक्त ॲनॉफिलीस या एकाच कुळातल्या डासांत, आणि त्यांतल्याही मोजक्याच जातींत. रॉसजवळ हे सांगणारे पुस्तक नव्हते आणि माणूसही नव्हता. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून एकाच चोराची झडती घ्यावी, तसे चालले होते. चोराचा पेहराव कसा, हेच ठाऊक नव्हते.

इथे बँकेतली एक गोष्ट सांगावीशी वाटते. नोकरीच्या सुरुवातीला एका शाखेत काउंटरवर असताना मी पैसे काढायची एक स्लिप पास केली. नमुना-सहीच्या कार्डावरची सही आणि स्लिपवरची सही मला एकसारखी दिसली. वळण तेच, तिरपेपणा तोच. सही खोटी निघाली. मी सहीचे एकूण रूप पाहिले होते, तिची बांधणी पाहिली नव्हती: अक्षर कुठे सुरू होते, रेघ कुठे फुटते, गाठ कुठे पडते. ते पैसे पुढे वर्षभर माझ्या पगारातून कापले जात होते. एका वयस्कर अधिकाऱ्याने मला समजावले की रूपाची नक्कल करता येते, बांधणीची येत नाही.

माशीवर्गातल्या कीटकांचे पंख म्हणजे असेच सहीचे कार्ड. डास, घरमाशी, चिलटे, फळमाशी ही सगळी एका गणातली. इतर बहुतेक कीटकांना पंखांच्या दोन जोड्या, यांना एकच. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक दांड्या उरलेल्या असतात, उडताना तोल सांभाळायला. किड्याचा रंग उन्हाने विटतो, पोट उपाशी असताना खपाटीला जाते आणि रक्त पिऊन टम्म फुगते. पण पंखातल्या शिरा कुठे फुटतात आणि कुठे जुळतात ते बदलत नाही. कॉमस्टॉक आणि नीडहॅम या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १८९८-९९ मध्ये सगळ्या कीटकांच्या शिरांना एकच नामावली लावून दिली. रॉस डास कापत होता त्याच सुमारास हे घडत होते, पण त्याला त्याचा पत्ता नव्हता. डासांमध्ये शिरांची मांडणी बहुधा सारखीच असते. तिथे ओळख पटते ती शिरांवर बसलेल्या खवल्यांवरून. बहुतेक ॲनॉफिलीसच्या पंखावर हे खवले काही ठिकाणी गडद आणि काही ठिकाणी फिके असतात, म्हणून पंख ठिपकेदार दिसतो. क्युलेक्सचा पंख बहुधा एकरंगी.

पुन्हा सिकंदराबादला येऊ. १८९७ चा तो उन्हाळा आपल्याकडे कसा होता ते आठवावे. पुण्यात प्लेगने घरे ओस पडली होती, जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली, जुलैअखेर टिळकांना अटक झाली. त्याच दिवसांत बेगमपेठेच्या लष्करी दवाखान्यात एक घामाघूम डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकून बसला होता. घामाने यंत्राचे स्क्रू गंजले होते, भिंगाला तडा गेला होता. पंखा हलवायची सोय नव्हती, कारण वाऱ्याने कापलेले डास उडून जात. आणि डोळ्यांत घुसणारी चिलटे त्याला छळत होती. माशीवर्गाच्या एका शाखेचा तो शोध घेत होता, दुसरी शाखा त्याचा सूड घेत होती.

ऑगस्टच्या मध्याला त्याच्या माणसांनी अळ्यांची एक बाटली आणली. त्यांतून निघालेले डास वेगळे होते: तपकिरी, मोठे, पंखांवर ठिपके असलेले. त्याच दिवसांत दवाखान्यातल्या एका हिंदी सहायकाने त्याला भिंतीवर बसलेला एक डास दाखवला, शेपटीकडचा भाग वर उचलून बसलेला. त्याचेही पंख ठिपक्यांचे. १६ ऑगस्टला हुसेन खान नावाच्या रोग्याला हे नवे डास चावू दिले गेले. दर डासामागे एक आणा असा भाव होता. मग एकेक डास कापणे सुरू झाले. काही मेले, काहींत काही मिळाले नाही. २० ऑगस्टला दोन-तीनच शिल्लक होते.

त्या दुपारी रॉसने त्यांतला एक कापला. दमलेला होता, डोळे दुखत होते. पोटाची भिंत थोडी थोडी सरकवत पाहता पाहता अगदी शेवटी त्याला एक गोल पेशी दिसली, मग दुसरी. त्यांच्यात काळ्या रंगद्रव्याचे कण होते. लाव्हेराँने रुग्णाच्या रक्तात पाहिलेले तेच कण. ही हिवतापाच्या जंतूची सही होती आणि ती नेमक्या जागी सापडली होती. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास कापला, त्यात त्या पेशी आणखी वाढलेल्या होत्या. म्हणजे जंतू डासाच्या शरीरात वाढत होता. त्या रात्री या डॉक्टरने कविता केली आणि बायकोला पाठवली. २० ऑगस्ट हा दिवस आता जगभर डास दिन म्हणून पाळतात. बेगमपेठेतली ती इमारत आजही उभी आहे.

यापुढे सरळ रस्ता असेल असे वाटते. सरकारी नोकरी केलेल्यांना तसे वाटणार नाही. महिनाभरात बदलीचा हुकूम आला: आधी मुंबई आणि तिथून राजपुतान्यातले खेरवाडा, जिथे हिवताप जवळजवळ नव्हताच. रॉस चिडला, राजीनाम्याच्या गोष्टी करू लागला. मॅन्सनने लंडनमध्ये खटपट केली तेव्हा १८९८ च्या आरंभी त्याला कलकत्त्याला संशोधनासाठी नेमण्यात आले. तिथे प्लेगाच्या आणि लसीच्या धास्तीने लोक बोटाला सुई लावू देईनात. माणसे मिळेनात म्हणून तो पक्ष्यांकडे वळला. चिमण्यांना त्यांचा स्वतःचा हिवताप होतो, आणि तो पसरवतो तो नेमका क्युलेक्स. ज्या करड्या डासाने सिकंदराबादेत दोन वर्षे फसवले, त्यानेच कलकत्त्यात हात दिला. जुलै १८९८ मध्ये रॉसने जंतूचा सगळा प्रवास पाहिला: पोटाच्या भिंतीतून अंगात आणि तिथून मानेजवळच्या लाळेच्या ग्रंथींत. तेव्हा कळले की पाणी पिण्याचा काही संबंध नव्हता. डास चावताना लाळ सोडतो, तिच्यातून जंतू जातो. निरोगी चिमण्यांना असे डास चावू देऊन त्याने ते सिद्ध केले.

त्या काळातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेसमोर रॉस, त्याची पत्नी रोझा, पक्ष्यांचे पिंजरे आणि महंमद बक्ष हा त्याचा मदतनीस. डबकी शोधणे, अळ्या आणणे, डास पाळणे, चिमण्या सांभाळणे, हे सगळे बक्ष करी. नोबेलच्या कथेत त्याचे नाव क्वचितच येते.

आणि येथेच रॉसच्या आयुष्यातली सल सुरू होते. त्याने ठिपकेदार पंखांचा डास पाहिला खरा, पण त्याचे शास्त्रीय नाव त्याला सांगता आले नाही. तो प्राणिशास्त्रज्ञ नव्हता. इटलीत जोव्हानी ग्रासी होता, आणि वर्गीकरण हा त्याचा हातखंडा. १८९८ अखेर ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हिवतापाचा प्रवास ॲनॉफिलीस डासात दाखवला आणि त्या डासाचे नाव जाहीर केले. ज्याने नाव सांगितले तो शोधकर्ता, की ज्याने आधी पाहिले तो? वाद असा पेटला की दोघांची आयुष्ये त्याने कडू झाली. १९०२ चे नोबेल एकट्या रॉसला मिळाले. लाव्हेराँला ते १९०७ साली मिळाले, ग्रासीला कधीच मिळाले नाही. जिंकूनही रॉस शांत झाला नाही. पुढे कितीतरी वर्षे तो पत्रांतून, लेखांतून भांडत राहिला.

मला वाटते या भांडणात दोघेही एका अर्थी बरोबर होते. ओळखीला दोन पायऱ्या असतात. आधी वेगळेपण डोळ्यांत भरावे लागते, मग त्याला नाव द्यावे लागते. पहिली पायरी रॉसने चढली. दुसरी चढायला लागणारा सबुरीचा स्वभाव त्याच्याजवळ नव्हता.

दुसऱ्या पायरीचे बरेच काम पुढे आपल्या देशात झाले. १९०१ साली जाइल्स या लष्करी डॉक्टरने एका डासाला ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस असे नाव दिले. अर्थ, क्युलेक्ससारखा दिसणारा. हा डास इतर ॲनॉफिलीससारखी शेपटी फारशी उचलत नाही, करड्या डासासारखा गरीब होऊन बसतो. बैठक पाहणारा फसतो. पंख पाहणारा फसत नाही. कालव्याच्या पाझरातली, विहिरीतली, ओढ्यातली संथ पाणी त्याला आवडतात. दख्खनच्या खेड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास हाच. त्याचा भाऊ शोभेल असा फ्लुव्हिॲटिलिस डोंगराळ भागातल्या वाहत्या झऱ्यांवर असतो. दोघांना वेगळे करण्याची एक खूण म्हणजे पंखाची तिसरी शीर: क्युलिसिफेसीसमध्ये ती बरीचशी गडद, दुसऱ्यात बरीचशी फिकी. केसाएवढ्या शिरेवरचा रंग, पण त्यावरून ठरते की डबके कुठले बुजवायचे.

त्याच १९०१ साली आपल्या वऱ्हाडात, अचलपूरला, ग्लेन लिस्टन या डॉक्टरने आणखी एका डासाचे वर्णन केले आणि स्टीफन्स या शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला स्टीफन्सी म्हटले. हाच लिस्टन पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत उंदरांवरच्या पिसवा आणि प्लेग यांचे नाते उलगडणाऱ्यांत होता. स्टीफन्सी हा शहरी डास. हौद, टाक्या, गच्चीवरची पिंपे ही त्याची घरे. अचलपूरला नाव मिळालेला हा डास २०१२ साली आफ्रिकेत जिबूतीला आढळला आणि पुढे शेजारच्या देशांत पसरला. तिथल्या आरोग्यखात्यांना आता त्याचे पंख ओळखायला शिकावे लागत आहे.

रॉस १८९९ मध्ये हिंदुस्थान सोडून लिव्हरपूलला गेला आणि उष्ण देशांतल्या रोगांचे शास्त्र शिकवू लागला. त्याच वर्षी सिएरा लिओनला जाऊन त्याने तिथल्या ॲनॉफिलीसमध्येही हिवतापाचा जंतू दाखवला. सुएझ कालव्यावरच्या इस्मायलिया शहरात त्याच्या सल्ल्याने डबकी बुजवली आणि हिवताप जवळजवळ नाहीसा झाला. पुढे मॉरिशसला गेला, तेव्हा त्याने लहानपणची आवड कामाला लावली. गणित मांडून त्याने दाखवले की शेवटचा डास मारण्याची गरज नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली उतरली की रोग आपोआप विझत जातो. १९१० साली हे पुस्तकरूपाने आले. साथीचे गणित मांडणारे आजचे शास्त्रज्ञ त्याला आपला पूर्वज मानतात. काही वर्षांमागच्या साथीत आपण रोज जे आलेख पाहिले, त्यांच्या मुळाशी हाच विचार होता.

१९११ साली तो सर झाला. १९१४ च्या ऑगस्टमध्ये त्याचा मुलगा कँपबेल महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यात मारला गेला. पैशाची तक्रार त्याला कायम राहिली. देवीच्या लशीसाठी जेन्नरला पूर्वी इंग्लंडच्या संसदेने बक्षीस दिले होते, तसे आपल्यालाही मिळावे म्हणून त्याने अर्ज केला. तो नाकारला गेला. १९२३ साली त्याने आठवणी लिहिल्या, त्यांना वाङ्मयाचे पारितोषिकही मिळाले. कवी म्हणून नाही तरी लेखक म्हणून त्याला दाद मिळाली. १९२६ साली लंडनमध्ये त्याच्या नावाची संस्था निघाली. १९२७ च्या जानेवारीत कलकत्त्याला त्याच्या स्मारकाच्या कमानीचे उद्घाटन झाले, तेव्हा तो स्वतः हजर होता. पण पुढच्याच वर्षी घरच्यांच्या सोयीसाठी त्याने आपले सारे कागद विकायला काढले. ते दोन हजार पौंडांना गेले. १९३१ मध्ये पत्नी वारली आणि १६ सप्टेंबर १९३२ रोजी आपल्याच नावाच्या संस्थेत रॉसने डोळे मिटले.

त्याच्या आठवणींतली एक गोष्ट मला विसरता येत नाही. ज्या सहायकाने त्याला भिंतीवरचा तो डास दाखवला, त्याचे नाव आपण विसरलो याचा त्याने तिथे खेद केला आहे. ग्रासीने आपले श्रेय नाकारले म्हणून जन्मभर तळमळणाऱ्या माणसाने, ज्याने बोट दाखवले त्याचे नाव हरवले. हे त्याने कबूल केले हा त्याचा प्रामाणिकपणा. पण नाव गेले ते गेलेच.

स्वातंत्र्यानंतर १९५३ साली आपल्याकडे हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. डीडीटीच्या फवाऱ्याने साठच्या दशकात देशातले रुग्ण लाखाच्या आसपास आले. मग ढिलाई झाली, डासांना औषध पचू लागले, आणि १९७६ साली तो आकडा ६४ लाखांवर गेला. आमच्या गावातले हुडहुडीचे दिवस याच वर्षांतले. आज आमच्या भागात हिवताप क्वचित दिसतो आणि मुलांना पानथरी हा शब्दही ठाऊक नसतो.

पंखांच्या ओळखीलाही मर्यादा आहे, हे सांगितले पाहिजे. म्हाताऱ्या डासाचे खवले झडलेले असतात, फोटो तिरपा येतो, उजेड खोटे ठिपके दाखवतो. त्याहून मोठी अडचण अशी की क्युलिसिफेसीस ही एक जात नसून पाच जुळ्या जाती आहेत, हे पुढे शास्त्रज्ञांना कळले. पाचांचे पंख सारखे, फरक गुणसूत्रांत. त्यांतली एक हिवताप पसरवण्यात अगदी कच्ची, बाकीच्या पक्क्या. म्हणजे बांधणी तीच आणि माणूस वेगळा, अशीही सही असू शकते. बँकेत मला हे कोणी सांगितले नव्हते ते बरेच झाले.

भिगवणहून परतल्यावर बारामतीच्या आमच्या घरात न्हाणीघराच्या भिंतीवर नातीला एक डास दिसला. शेपटी वर, डोके खाली. तिने फोटो काढला. पंखाच्या पुढच्या कडेवर काळे-पांढरे ठिपके स्पष्ट होते. तिच्या वहीत फोटोचा नंबर, तारीख आणि जागा लिहून झाल्यावर नावाच्या रकान्यात तिने ॲनॉफिलीस एवढेच लिहिले आणि जातीची जागा कोरी ठेवली. मी विचारले, तर तिसरी शीर पुसट आली आहे, उगाच कसे लिहू, असे तिचे म्हणणे. मी पास केलेली ती स्लिप मला आठवली.

शेवटच्या रकान्यात, डास कोणी दाखवला, असे तिने आखून घेतले होते. तिथे आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे नाव होते. भिंतीवरचा डास पहिल्यांदा त्यांना दिसला होता. वही परत देऊन मी गच्चीवर गेलो आणि पाण्याच्या टाकीचे बरेच दिवस निसटलेले झाकण नीट बसवून आलो.